सोसायटीची प्रश्नमंजुषा: प्रश्न काढायचे कसे आणि भांडणं टाळायची कशी?

कासारवडवली_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. आमच्या संकुलात (घोडबंदर रोड, सात विंग) यंदा गणपतीत पाककला आणि संगीत खुर्चीच्या जोडीला सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा ठेवली आहे. प्रश्न काढायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलंय. सहा संघ (ई आणि एफ विंग मिळून एक, कारण एफमध्ये निम्मे फ्लॅट रिकामे), प्रत्येकी चार जण. त्यात एक तरी शाळकरी आणि एक तरी साठीपुढचा हवाच, अशी अट मीच घातली. वेळ दीड तास. लगेच पुढे आरती, त्यामुळे लांबवायची सोय नाही.

नेटवरच्या आयत्या याद्या वाचल्या. एक रुपयाच्या नोटेवर सही कोणाची, हा प्रश्न माझ्या आईच्या शाळेतही विचारत असणार. (अर्थ सचिवाची. झालं, पुढे?) असले प्रश्न विचारले तर पोरं जांभया देतात, आणि कठीण काढले तर लोक उठून वडापावच्या स्टॉलकडे जातात. शिवाय माझ्या भावाच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका उत्तरावरून दोन विंगांत जुंपली, ती अजून पार्किंगपर्यंत पोचलेली आहे. तर जाणकारांनी सांगावं: चांगला प्रश्न कसा काढायचा, आणि नियम काय ठेवायचे?

तलावपाळी
ठाण्यात प्रश्नमंजुषा आणि पहिला प्रश्न रेल्वेचा नाही, असं होऊच शकत नाही. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. घ्या, एका दमात चार प्रश्न झाले.

एमपीएससी_भूत
"भारतातली पहिली रेल्वे कोणती" असं विचारू नका मात्र. आमच्या अभ्यासिकेत यावरून तासभर वाद झालाय. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ साली दगड वाहायला रेल्वे होती. रुरकीला सोलानी जलसेतूच्या बांधकामावर १८५१ साली वाफेचं इंजिन माती ओढत होतं. ठाण्याची गाडी पहिली *प्रवासी* गाडी. तो एक शब्द गाळला की तुमचं उत्तर चुकीचं आणि हरकत घेणारा बरोबर.

तलावपाळी
ठाणेकरांसमोर हे बोलून दाखव आधी :)

एमपीएससी_भूत
कळव्याचा आहे मी. पूल ओलांडला की ठाणंच.

आजी_ऑनलाईन
भुताचं बरोबर आहे. तीस वर्षं मास्तरकी केली, 'पहिला', 'सर्वात मोठा', 'सर्वात लांब' या प्रश्नांनी जेवढा छळ केला तेवढा व्रात्य मुलांनीही केला नाही. पहिला चित्रपट विचारा. निम्मी मुलं राजा हरिश्चंद्र म्हणणार, ३ मे १९१३. मग कोणाचे तरी वडील दुसऱ्या दिवशी येऊन सांगणार की दादासाहेब तोरण्यांचा श्री पुंडलिक त्याच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला लागला होता. मग आपण 'पूर्ण लांबीचा कथापट' वगैरे म्हणत बसायचं. ते आधीच प्रश्नात म्हणायला काय झालं?

तसंच राष्ट्रीय खेळ. हॉकी नाही. कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर झालेला नाही, क्रीडा मंत्रालयानेच २०१२ साली माहिती अधिकारात तसं कळवलं होतं. पण गाइडं अजून हॉकीच छापतात.

चिवडा_प्रेमी
राष्ट्रभाषा कोणती हाही विचारा ना ताई. म्हणजे आरतीची गरजच नाही, मंडपात आधीच टाळ्या वाजतील. एकमेकांच्या गालावर.

आजी_ऑनलाईन
तो विचारूच नये असं मी म्हणणार नाही. उत्तर स्वच्छ आहे: राज्यघटनेत राष्ट्रभाषा हा दर्जा कुठल्याच भाषेला नाही. कलम ३४३ संघराज्याच्या राजभाषेबद्दल आहे. फक्त गणपतीत नको.

बाउन्सवाला
उशिरा आलो, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. नेरुळला राहतो. कॉलेजपासून क्विझ खेळतोय आणि आता बरीच वर्षं घेतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळ्यात आधी बसायच्या जागेबद्दल. हे कोणी बोलत नाही, पण निम्मी भांडणं यातून होतात. आपल्याकडे सर्रास चालते ती पद्धत अशी: प्रत्येक संघाला आळीपाळीने थेट प्रश्न, नाही आला की पुढच्याकडे 'पास'. आता समजा बी विंग कच्ची आहे. बीचे सगळे हुकलेले प्रश्न सी विंगकडे जाणार. सीला स्वतःचे प्रश्न आणि वर बीचे. त्यांना अक्कल नाही, शेजार लाभलाय! यावर क्विझवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे इन्फिनिट बाउन्स. पहिला प्रश्न एला. फिरत फिरत त्याचं उत्तर समजा डीने दिलं, तर दुसरा प्रश्न बीला नाही, ईला उघडायचा. म्हणजे ज्याने उत्तर दिलं त्याच्या पुढच्यापासून सुरुवात. अर्धे प्रश्न झाले की दिशा उलटी करायची. शेजाराचा फायदा बराचसा मोडतो.

दुसरं म्हणजे पाउन्स. प्रश्न फिरायला लागायच्या आधी ज्या संघाला खात्री आहे त्याने चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं. बरोबर तर अधिक दहा, चूक तर उणे पाच. त्यामुळे सहाव्या नंबरवर बसलेल्या संघाला हात चोळत बसावं लागत नाही. सोसायटीत मात्र उणे गुण देऊ नका. आजोबांचे पाच गुण गेले तर नातू ते वर्षभर ऐकवतो.

आता प्रश्न. माझं ठाम मत आहे की चांगला प्रश्न 'माहीत असण्याचा' नसतो, 'पोचण्याचा' असतो. उत्तर चौघांपैकी एकालाही थेट ठाऊक नसावं, पण चौघांनी डोकी एकत्र घातली तर निघावं. तुमचे संघ तीन पिढ्यांचे आहेत, म्हणजे सोन्याची खाण आहे हो. नमुना देतो, फोन बाजूला ठेवून सोडवा:

'गोविंदाग्रज' या नावाने कविता आणि 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिणाऱ्या माणसाच्या खऱ्या नावापाशी ठाणेकर १९७८ पासून तिकिटं काढतात. कुठे?

तलावपाळी
हाहा. गडकरी रंगायतन. राम गणेश गडकरी. रोज समोरून जातो आणि तरी 'तिकिटं' वाचून आधी रेल्वे स्टेशन आठवलं.

कासारवडवली_एक्सप्रेस
हा आवडला! म्हणजे आजीला गोविंदाग्रज माहीत असणार, नातवाला रंगायतन. दोघं बोलल्याशिवाय उत्तर नाही.

बाउन्सवाला
बरोब्बर. अजून एक घ्या. २ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅस्पियन समुद्राकाठच्या एका इराणी गावात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या गावाचं नाव २०२० साली महाराष्ट्रात आधी नांदूरमधमेश्वरला आणि मग लोणारला चिकटलं. २०२२ साली तिसऱ्यांदा कोणाला?

खाडीकाठचा
ठाणे खाडी!! गाव रामसर, करार पाणथळ जागा जपण्याचा. ऐरोलीत राहून हे आलं नसतं तर फ्लेमिंगोंनी तोंड फिरवलं असतं. खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, रामसरचा दर्जा २०२२ चा. लोक दोन्हीत घोळ घालतात. आमच्याकडच्या जैवविविधता केंद्रातून थंडीत बोट सुटते, मुलांना घेऊन या एकदा. भरतीची वेळ बघून.

डोंबिवलीकर_पण_चालेल
आमच्यासारख्यांचं काय? मला ना गोविंदाग्रज माहीत ना रामसर. मला राजधान्या येतात, चलनं येतात, शोध कोणी लावला ते येतं. शाळेत असताना रविवारी वही घेऊन बसायचो, टीव्हीवरच्या क्विझमधले प्रश्न उतरवून घ्यायला. ३ जुलै २००० ला केबीसी सुरू झालं तेव्हा तर आमच्या चाळीत प्रत्येकजण लखपती झाला होता, पहिल्या सात-आठ प्रश्नांपर्यंत. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे जिंकला, मराठी मुलगा, तेव्हा वडिलांनी मला पुन्हा वही आणून दिली. पाठांतराला इतकं हिणवू नका. ज्याने मेहनत करून पाठ केलंय त्यालाही संध्याकाळी चार टाळ्या मिळू द्या की.

एमपीएससी_भूत
+१००. आमचं तर पोटच त्याच्यावर आहे (म्हणजे अजून नाहीये, पण होईल).

बाउन्सवाला
डोंबिवलीकर, मुद्दा मान्य. एक झटपट फेरी ठेवा, साठ सेकंद, सरळ प्रश्न, सरळ उत्तरं. तिथे पाठांतरवाले चमकतात आणि मंडपात जान येते. पण सगळी स्पर्धा तशी नको एवढंच.

कासारवडवली_एक्सप्रेस
झटपट फेरीसाठी मी काल काही प्रश्न काढले, बघा बरं: महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर (कळसूबाई, १६४६ मीटर), राज्यप्राणी (शेकरू), राज्य फुलपाखरू (ब्लू मॉर्मन), मराठीतलं पहिलं वृत्तपत्र (दर्पण, ६ जानेवारी १८३२), भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी (७५१६ किमी), सर्वाधिक उपग्रह असलेला ग्रह (गुरू).

एमपीएससी_भूत
शेवटची दोन्ही बाद!

चिवडा_प्रेमी
काय सांगतोस, ७५१६ तर मलाही पाठ आहे.

एमपीएससी_भूत
म्हणून तर बाद. गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात किनारा ११,०९८ किमी झालाय. आणि उपग्रहांत आता शनी पुढे. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली, एकूण २७४. गुरू तेव्हा शंभरीच्याही आत होता.

तलावपाळी
एक मिनिट. किनारा साडेतीन हजार किलोमीटरने वाढला? समुद्र सरकला का कुठे?

खाडीकाठचा
हे मला सांगू द्या, आवडीचा विषय आहे. समुद्र कुठे गेला नाही, मोजपट्टी बदलली. जुना आकडा सत्तरच्या दशकातला, फार लहान प्रमाणाच्या नकाशावरचा, १:४५,००,००० वगैरे. त्यात ठाण्याची खाडी म्हणजे एक बारीकशी खोच. आता मोजलंय १:२,५०,००० च्या नकाशावर. त्यात प्रत्येक खाडी, नदीमुख, बेटांची वळणं धरली जातात. घराच्या कंपाउंडला मीटरच्या काठीने मोजा आणि मग दोरी प्रत्येक कोनाकोपऱ्यात दाबून मोजा, दोरी जास्तच भरणार. किनाऱ्याचं तर असं आहे की नकाशा जितका बारीक तितकी लांबी वाढतच जाते, तिला एकच एक 'खरी' लांबी नाही. मग क्विझमध्ये काय करायचं? माझं मत: आकडा विचारूच नका. उलटं विचारा. "सत्तरच्या दशकात ७५१६ किमी असलेली भारतातली कोणती गोष्ट एक इंचही न वाढता आता ११,०९८ किमी झाली?" हा बघा किती मस्त प्रश्न झाला.

कासारवडवली_एक्सप्रेस
हा चोरला मी! गुरू कापला.

आजी_ऑनलाईन
याचा धडा असा घ्या की जी गोष्ट बदलू शकते तिच्यामागे साल लावायचं. 'मार्च २०२५ पर्यंत', 'अमुक अहवालानुसार'. परीक्षक बाईंनी, म्हणजे तुम्ही, उत्तरासोबत ते कुठून घेतलं हेही कागदावर लिहून ठेवायचं. हरकत आली की कागद दाखवायचा, आवाज चढवायचा नाही. आणि हरकत प्रश्न संपल्यावर लगेच, संघाच्या कप्तानानेच घ्यायची. बक्षीस वाटून झाल्यावर काकूंनी स्टेजवर चढायचं नाही.

डोंबिवलीकर_पण_चालेल
चीनची भिंत चंद्रावरून दिसते हेही कटाप करा. २००३ साली यांग लीवेई हा चिनी अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरून आला, तोच म्हणाला की मला दिसली नाही. आणि तो चंद्राच्या जवळपासही नव्हता.

बाउन्सवाला
चला, थोडं खेळू. मोठा प्रश्न देतो, सगळ्यांनी मिळून सोडवायचा. १ मे १९६० ला महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. आज ३६. नंतर जन्मलेले दहा सांगा, आणि कोणाच्या पोटातून आले तेही.

तलावपाळी
पालघर, १ ऑगस्ट २०१४, आपल्याच ठाण्यातून. सगळ्यात धाकटा.

चिवडा_प्रेमी
सिंधुदुर्ग, रत्नागिरीतून. मामाचं गाव.

आजी_ऑनलाईन
लातूर, तेव्हाच्या उस्मानाबादेतून, म्हणजे आताचं धाराशिव. गडचिरोली चंद्रपुरातून. दोन्ही १९८२ सालचे.

एमपीएससी_भूत
गाइड न उघडता: जालना औरंगाबादेतून (आता छत्रपती संभाजीनगर), नंदुरबार धुळ्यातून, वाशिम अकोल्यातून. शेवटचे दोन १९९८. मग १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया. हिंगोली परभणीतून, गोंदिया भंडाऱ्यातून.

कासारवडवली_एक्सप्रेस
नऊ झाले. दहावा?

तलावपाळी
रायगड?

आजी_ऑनलाईन
नाही हो. तो जुनाच, कुलाबा जिल्हा. फक्त नाव बदललं.

डोंबिवलीकर_पण_चालेल
अरे सगळे त्याच्या शेजारी राहताय आणि कोणाला आठवेना! मुंबई उपनगर. १९९०. मुलुंड टोलनाका ओलांडला की लागतो तो.

बाउन्सवाला
वा! बघा, सहा जणांनी मिळून सोडवला, एकट्याला कोणालाच पूर्ण आला नसता. (भुताला आला असता, पण तो मोजायचा नाही.) मंडपात हा लेखी फेरीत द्या, तीन मिनिटं, प्रत्येक जिल्ह्याला एक गुण. लेखी फेरीचा मोठा फायदा म्हणजे सगळे संघ एकाच वेळी डोकं खाजवत असतात, कोणी नुसतं बसून राहत नाही.

नवी मुंबईच्या अभिमानासाठी एक आमचाही घ्या: १९६५ साली 'मार्ग' नावाच्या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. पाच वर्षांनी, मार्च १९७० मध्ये, ती राबवायला एक सरकारी कंपनी निघाली. कंपनी कोणती, कल्पना काय?

खाडीकाठचा
सिडको, आणि नवी मुंबई. या प्रश्नावर ठाणेकरांना अर्धेच गुण द्या, ते अजून आम्हाला 'पलीकडचे' म्हणतात.

आजी_ऑनलाईन
मीही एक देते. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. अकरा महाराष्ट्रात. बारावा कुठे? माहीत नसेल तर विचार करा: रायगड पडायच्या बेताला आला तेव्हा राजाराम महाराज निसटून कुठे गेले?

चिवडा_प्रेमी
जिंजी! तामिळनाडूत. औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं झुलवत ठेवलं होतं तो किल्ला. अंगावर काटा आला, खरंच. आणि मी एरवी फक्त मिसळीच्या प्रश्नांना उत्तर देतो.

कासारवडवली_एक्सप्रेस
मंडळी, खूप मिळालं. आता फोनचं सांगा. स्पर्धकांचे फोन टोपलीत ठेवून घेणार, पण मंडपातल्या नातेवाइकांचं काय? खुणा होतातच.

बाउन्सवाला
प्रेक्षकांचे फोन काढून घेता येत नाहीत, नादी लागू नका. त्यापेक्षा प्रेक्षकांसाठीच वेगळे प्रश्न ठेवा, दर फेरीनंतर दोन, बक्षीस लगेच हातात. म्हणजे ते स्वतःचं डोकं चालवण्यात गुंततात. आणि संघाला उत्तरासाठी तीस सेकंदच द्या. गडकरींचा प्रश्न शोधायला टाइप काय करणार, 'तिकिटं कुठे'?

आजी_ऑनलाईन
प्रश्न दोनदा वाचा, सावकाश. साठीपुढच्यांना लाउडस्पीकरमधून 'बाळकराम' ऐकू येईल की 'वाळकं रान' ते सांगता येत नाही. जमल्यास पडद्यावरही दाखवा.

डोंबिवलीकर_पण_चालेल
बरोबरी झाली तर?

बाउन्सवाला
जवळच्या आकड्याचा प्रश्न. असा आकडा जो कोणालाच नेमका माहीत नसतो पण अंदाज सगळ्यांना करता येतो. दोन्ही संघ चिठ्ठीवर लिहितात, जवळचा जिंकतो. उदाहरण: २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेच्या किती सदस्यांनी संविधानावर सह्या केल्या?

तलावपाळी
३९५.

एमपीएससी_भूत
ती कलमं आहेत काका, मूळ घटनेतली. मी २९९ म्हणतो, फाळणीनंतर सभेत तेवढे सदस्य होते.

आजी_ऑनलाईन
सगळे हजर असतील का त्या दिवशी? मी २८०.

बाउन्सवाला
२८४. आजी जिंकल्या. भूत, बघितलंस ना, तुला एकूण सदस्य पाठ होते आणि त्या हजेरीचा विचार करून पुढे गेल्या.

एमपीएससी_भूत
मान्य. आजी, अभ्यासिकेत येता का?

आजी_ऑनलाईन
चहा असेल तर येते.

गुपचूप_वाचक
नमस्कार, आजच खातं उघडलं. फार माहितीपूर्ण धागा. गडकरी, रामसर, दहा जिल्हे, जिंजी, सिडको, किनारा आणि २८४ असं सगळं आमच्या संघाने व्यवस्थित उतरवून घेतलं आहे. धन्यवाद. (ई आणि एफ विंग, संयुक्त)

कासारवडवली_एक्सप्रेस
मला वाटलंच होतं! एफमधले फ्लॅट रिकामे असतील, डोकी नाहीत. असो. इथला एकही प्रश्न येणार नाही, सगळे नवे काढतेय. बाउन्सवाला, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय, बघा. आणि गुपचूप काका, मंडपात खुर्च्या लावायला माणसं कमी आहेत, शनिवारी सकाळी आठला या.